विश्लेषण : चंडीगडची खुर्ची परदेशात लाखमोलाची, घरी मात्र भंगार, असे का झाले?

जुन्या सरकारी कार्यालयात अशी खुर्ची अनेकांनी पाहिलेली असते. सागवानाची दणकट चौकट, हातांवरचे पॉलिश उडालेले, बैठकीचा वेत मधोमध खचलेला आणि पाठीमागे पांढऱ्या रंगात खात्याच्या नावाची आद्याक्षरे व एक क्रमांक. कार्यालयाच्या लेखी ती निर्लेखनाची वाट पाहणारी जडवस्तू. चंडीगडच्या कार्यालयांतून अशाच खुर्च्या, टेबले आणि कपाटे मोठ्या संख्येने भंगार म्हणून बाहेर पडली, समुद्रापार गेली आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत झळकली. तेथे तोच पांढरा क्रमांक अस्सलपणाचा पुरावा ठरला आणि खुर्चीचा भाव लाखांत गेला. परदेशातील लिलावांचे वेळापत्रक जाहीर झाले की ‘आपला वारसा विकला जातोय’ अशी ओरड होते, पत्रे लिहिली जातात आणि लिलाव ठरल्याप्रमाणे पार पडतो. असे वारंवार का होते आणि त्यावर खरा उपाय कोणता, याचा हा ऊहापोह.

हे फर्निचर आले कोठून?

फाळणीनंतर लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही. नवी राजधानी वसवण्याचे काम आधी अमेरिकी नगररचनाकार अल्बर्ट मायर आणि वास्तुरचनाकार मॅथ्यू नोविकी यांच्याकडे होते. १९५० मध्ये नोविकी यांचा विमान अपघातात मृत्यू झाला आणि पुढे हे काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. त्यांच्यासोबत मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे होते.

कॉर्बुझिए अधूनमधून येत. जानरे मात्र १९६५ पर्यंत चंडीगडमध्येच राहिले. शहरातील अनेक सरकारी घरे, शाळा आणि पंजाब विद्यापीठातील गांधी भवन ही त्यांची कामे. १९६७ मध्ये जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार अस्थी चंडीगडच्या सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या.

शहर कोरे होते, तसे इमारतींचे अंतरंगही कोरे होते. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, महाविद्यालये, ग्रंथालये, वसतिगृहे या सगळ्यांना खुर्च्या, टेबले, बाके, कपाटे हवी होती. तीही थोड्या पैशांत आणि लवकर. फर्निचरच्या या कामाची मुख्य धुरा जानरे यांनी वाहिली. त्यांच्याबरोबर तरुण भारतीय वास्तुरचनाकार होते. त्यांपैकी यूली चौधरी यांचा फर्निचरच्या रचनांमध्ये प्रत्यक्ष सहभाग होता. त्या पुढे हरियाणा आणि पंजाबच्या मुख्य वास्तुरचनाकार झाल्या. आज मात्र लिलावाच्या सूचीत बहुतेक वेळा एकच नाव ठळक असते, ते जानरे यांचे.

रचनेत वेगळे काय?

सर्वांत ओळखीची खूण म्हणजे उलट्या ‘व्ही’ आकाराचे पाय. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना दोन तिरके लाकडी पाय वर एकत्र येतात, हात त्यांच्यावर टेकतो आणि बैठक त्यांच्यामध्ये बसते. त्रिकोण सहजासहजी डगमगत नाही, हे साधे तत्त्व त्यामागे आहे. हीच बाजूची चौकट थोड्याफार फरकाने आरामखुर्ची, कार्यालयीन खुर्ची आणि टेबल यांना वापरता येई. एक नमुना हाताशी बसला की सुतार त्याच मापावर डझनावारी नग काढू शके.

साहित्यही जागेला धरून निवडलेले होते. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी आणि दमटपणा यांना ते चांगले तोंड देते. वेताच्या जाळीतून हवा खेळते, म्हणून पंजाबच्या उन्हाळ्यात पाठ घामेजत नाही. वेत तुटला तर तेवढाच पुन्हा विणता येतो, चौकट तशीच राहते. काही फर्निचर शिसवीच्या जातीच्या लाकडातही झाले.

यात कोरीवकाम नाही, पितळी फुले नाहीत, साहेबाच्या खुर्चीला सिंहमुख नाही. नव्या प्रजासत्ताकाच्या कार्यालयात बसणाऱ्याने कसे बसावे, याचा एक विचार त्यात होता. कारकुनाची आणि अधिकाऱ्याची खुर्ची एकाच घराण्यातली वाटावी, हा त्या काळातील एक लहानसा पण धाडसी बदल होता.

मग ते भंगारात का निघाले?

कारण सरकारी नियमाने ते तसेच निघायचे असते. कार्यालयातील प्रत्येक वस्तूची नोंद होते, तिला क्रमांक मिळतो, वापरून ती जुनी झाली की समिती तिला निरुपयोगी ठरवते आणि लिलावात काढते. सत्तरच्या दशकानंतर स्टीलची टेबले आली, नंतर फोमच्या फिरत्या खुर्च्या आल्या. लाकडी फर्निचर गच्चीवर, जिन्याखाली, मागच्या अंगणात रचले गेले. पावसात भिजलेला ढीग कमी करण्यासाठी त्याचा ठोक लिलाव होई आणि स्थानिक भंगारवाले, जुन्या लाकडाचे व्यापारी ते उचलत.

यात कोणी बेकायदा वागले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या कारकुनाने यादी केली, ज्या अधिकाऱ्याने सही केली, त्यांनी नियमच पाळला. नोंदवहीत वस्तूचे नाव, क्रमांक, खरेदीची किंमत यांसाठी रकाने होते. ही वस्तू कोणी रचली, कोणी घडवली, तिच्यासारख्या किती उरल्या, यासाठी रकानाच नव्हता. ज्याची नोंद होत नाही, त्याची किंमत कार्यालयाला कळत नाही. या साऱ्या प्रकरणाचे मूळ येथे आहे.

परदेशात भाव कसा चढला?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काही फ्रेंच विक्रेते चंडीगडला पोहोचू लागले. एरिक तुशालोम, फ्रान्स्वा लाफानूर, फिलिप जूस, पात्रिक सेगाँ ही त्यांतील ठळक नावे. त्यांनी सरकारी लिलावांतून आणि व्यापाऱ्यांकडून माल घेतला, तो युरोपात नेला, सांधे दुरुस्त केले, वेत नव्याने विणला, लाकूड घासून पुन्हा पॉलिश केले. मग जुनी छायाचित्रे आणि आराखडे शोधून सूची छापल्या, प्रदर्शने भरवली. मॉडर्निस्ट फर्निचरच्या संग्राहकांना कॉर्बुझिए हे नाव माहीतच होते. त्या नावाच्या सावलीतले जानरे हळूहळू स्वतंत्र बाजारपेठ झाले. पुढे मुंबईतील लिलावगृहांनीही हे फर्निचर विकले, म्हणजे देशातील श्रीमंत ग्राहकाला ते परदेशाच्या वळणाने पुन्हा भेटले.

अमेरिकी कलाकार एमी सीगल यांनी २०१३ मध्ये ‘प्रॉव्हेनन्स’ हा चित्रपट केला. तो हा प्रवास उलट्या क्रमाने दाखवतो : आधी धनाढ्यांची घरे, मग लिलाव, दुरुस्तीची दालने, जहाज आणि शेवटी चंडीगडची कार्यालये. त्या चित्रपटाची प्रतही त्याच वर्षी लंडनमध्ये लिलावात विकली गेली.

या विक्रेत्यांना लुटारू म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. त्यांनी पावती घेऊन माल घेतला. त्यांनी तो उचलला नसता, तर त्यातील बराचसा चुलीत गेला असता, ही शक्यताही नाकारता येत नाही. या फर्निचरचा अभ्यास करण्याची पहिली तसदी त्यांनी घेतली आणि त्या अभ्यासाचा मोबदलाही घेतला. आपला आक्षेप असायला हवा तो आपण हा अभ्यास का केला नाही, यावर.

कायदा विक्री का थांबवू शकत नाही?

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार एखादी वस्तू ‘पुरावस्तू’ ठरण्यासाठी ती किमान १०० वर्षे जुनी असावी लागते. हस्तलिखितांसारख्या नोंदींसाठी ही अट ७५ वर्षांची आहे. चंडीगडचे फर्निचर १९५० च्या दशकापासूनचे. म्हणजे या व्याख्येत बसण्यासाठी त्याला २०५० चे दशक उजाडावे लागेल.

आंतरराष्ट्रीय कायद्याचीही तीच गत. सांस्कृतिक मालमत्तेच्या अवैध व्यापाराविरुद्धच्या युनेस्कोच्या १९७० च्या कराराला भारताने १९७७ मध्ये मान्यता दिली. त्या करारातही फर्निचरसाठी १०० वर्षांहून अधिक वयाची अट आहे. शिवाय हा करार चोरलेल्या आणि बेकायदा बाहेर नेलेल्या वस्तूंसाठी आहे. जी वस्तू सरकारनेच विकली, ती परत मागण्याचा आधार फारच लंगडा पडतो.

याच १९७२ च्या कायद्यात दुसरे एक दार मात्र उघडे आहे. ‘कलानिधी’ या प्रकारासाठी १०० वर्षांची अट नाही. कलात्मक किंवा सौंदर्यमूल्य पाहून केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे एखाद्या कलाकृतीला कलानिधी घोषित करू शकते. अट एवढीच की कलाकार हयात नसावा. राजा रविवर्मा, अमृता शेरगील, जामिनी रॉय यांच्या कलाकृतींना हे संरक्षण आहे. रशियात जन्मलेल्या निकोलस रोरिक यांच्या चित्रांनाही ते मिळाले, त्यामुळे रचनाकार परदेशी असल्याची सबब चालणार नाही. प्रश्न उरतो तो खुर्चीला कलाकृती मानण्याची तयारी आहे का, हा.

२०११ नंतर काय बदलले?

फेब्रुवारी २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने चंडीगडच्या वारसा फर्निचरची विक्री आणि विल्हेवाट रोखणारा आदेश काढला. पाठोपाठ समितीने केलेल्या मोजणीत १२,७९३ वारसा वस्तूंची यादी झाली. २०१६ मध्ये तेथील कॅपिटॉल संकुल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. सेक्टर ५ मधील जानरे यांचे घर आता संग्रहालय आहे.

हे सारे आवश्यकच होते. पण बंदीने एक गाठ सुटली आणि दुसरी बसली. विकता येत नाही आणि दुरुस्तीची सोय नाही, अशा वस्तूचे काय करायचे हे कार्यालयाला कळत नाही. मग ती पुन्हा गच्चीवर किंवा कोठडीत जाते. बंद कोठडीतून चोरीच्या तक्रारीही झाल्या. शिवाय आदेश लागू होतो तो सरकारी मालमत्तेला. त्याआधी जे खासगी हाती गेले, त्याला हात लावता येत नाही.

बनावट मालाने गुंता आणखी वाढवला आहे. हे फर्निचर अनेक कार्यशाळांत, अनेक सुतारांच्या हातून झाले. त्यामुळे अस्सल नगांतही मापे, सांधे, लाकूड यांत फरक आढळतो. पाठीमागचा पांढरा क्रमांक तर कोणीही रंगवू शकतो. कोणत्या कार्यालयाचा कोणता क्रमांक केव्हा लिलावात गेला, याची खुली नोंद उपलब्ध असती, तर बनावट माल चटकन उघडा पडला असता. येथेही अडचण नोंदीचीच आहे.

डेन्मार्कने काय वेगळे केले?

याच काळात डेन्मार्कमध्येही सागवानी फर्निचरची लाट होती आणि तिचीही आज जगभर मागणी आहे. डेन्मार्कमध्ये साग उगवत नाही. लाकूड आग्नेय आशियातून येई. तरी ‘डॅनिश टीक’ हे नाव रूढ झाले. त्यामागे कारागीर आणि रचनाकार यांची जोडी होती.

कोपनहेगनच्या फर्निचर कारागिरांच्या संघाने १९२७ ते १९६६ या काळात दरवर्षी प्रदर्शन भरवले. त्यात एक रचनाकार आणि एक कारागीर एकत्र काम सादर करीत. फिन यूल यांच्याबरोबर नील्स वोडर, हान्स वेग्नर यांच्याबरोबर योहानेस हॅन्सन अशा जोड्या त्यातून जगापुढे आल्या. वेग्नर स्वतः कसलेले सुतार होते. खुर्चीच्या खालच्या बाजूला कारागिराच्या कार्यशाळेचे नाव डागलेले असे. १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादात जी वेग्नर खुर्ची दिसली, ती कोणी रचली हे जसे नोंदलेले आहे, तसे कोणी घडवली हेही नोंदलेले आहे.

वेग्नर यांची ‘वाय’ आकाराच्या पाठीची खुर्ची कार्ल हॅन्सन अँड सन ही कंपनी १९५० पासून सलग बनवत आहे. तिची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने हाताने विणली जाते. म्हणजे तेथे जुनी खुर्ची जपली गेली, ती घडवण्याची कलाही जिवंत राहिली आणि त्यावर आजही कामगारांचे पोट चालते. जुन्या नगाचा भाव चढला तर नव्या नगाचीही पत वाढते.

चंडीगडच्या खुर्चीवर मात्र खात्याचे नाव आहे, सुताराचे नाही. ज्या हातांनी तिरक्या पायांचा सांधा अचूक बसवला, ज्यांनी वेत विणला, ते लिलावाच्या सूचीत ‘स्थानिक कारागीर’ एवढ्या दोन शब्दांत उरले.

नव्याने बनवणाऱ्या कंपन्यांचे काय?

इटलीची कासिना ही उंची फर्निचर बनवणारी कंपनी १९६५ पासून कॉर्बुझिए, जानरे आणि शार्लोत पेरियाँ यांच्या रचनांचे उत्पादन करते. २०१९ मध्ये तिने जानरे यांना आदरांजली म्हणून चंडीगडच्या धाटणीचा संग्रह आणला. बेंगळूरुची फॅन्टम हँड्स ही संस्था सागवान आणि वेत वापरून अशा खुर्च्या हाताने घडवते. याशिवाय ‘चंडीगड चेअर’ नावाने ऑनलाइन विकला जाणारा माल वेगळाच. मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्येही उलट्या ‘व्ही’ पायांची खुर्ची आता सर्रास दिसते.

भारतीय कायद्यात यास मोठी आडकाठी नाही. रचना अधिनियम, २००० खाली नोंदलेल्या रचनेला जास्तीत जास्त १५ वर्षे संरक्षण मिळते. नोंदणी न केलेल्या रचनेचे ५० हून अधिक नग औद्योगिक पद्धतीने बनले की तिच्यावरील स्वामित्वहक्क संपतो. थोडक्यात, ही खुर्ची येथे कोणीही बनवू शकतो. ते वाईट नाही. मुळात ती अनेकांनी बनवावी म्हणूनच रचली होती. अडचण ही की चांगल्या सागाची, नीट सांध्याची खुर्ची आणि खिळे ठोकलेली, स्वस्त लाकडाला रंग दिलेली खुर्ची एकाच नावाने विकली जाते. यात ग्राहक फसतो आणि चांगल्या सुताराला त्याच्या कामाचा भाव मिळत नाही.

मग करायचे काय?

परदेशातील लिलाव थांबवण्याच्या मागणीत शक्ती घालवण्यापेक्षा चार गोष्टी हाताशी आहेत.

पहिली, उरलेल्या प्रत्येक वस्तूची छायाचित्रासह डिजिटल नोंदवही तयार करून ती सर्वांसाठी खुली करणे. मापे, लाकूड, क्रमांक, आजचे ठिकाण आणि जुन्या लिलावांच्या कागदपत्रांतून मिळणारी माहिती त्यात असावी. चोरीचा आणि बनावट माल ओळखण्याचे याहून स्वस्त साधन नाही.

दुसरी, सर्व १२,७९३ वस्तूंना नव्हे, पण निवडक आणि दुर्मीळ नमुन्यांना कलानिधी घोषित करण्याचा विचार. सगळ्यालाच दुर्मीळ म्हटले की कशाचीच राखण होत नाही.

तिसरी, दुरुस्तीची कायमस्वरूपी कार्यशाळा. आयटीआयमधील सुतारकामाचे विद्यार्थी आणि वेत विणणारे जुने कारागीर यांना तेथे एकत्र आणता येईल. दुरुस्त झालेल्या खुर्च्या पुन्हा वाचनालयांत आणि न्यायालयांत वापरात याव्यात. काचेमागे ठेवण्यासाठी प्रत्येक प्रकाराचे काही नग पुरेसे आहेत. रोज बसायची खुर्ची रोज कोणी बसत असेल तर तिच्याकडे लक्षही राहते.

चौथी, चंडीगडचे स्वतःचे प्रमाणन चिन्ह. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ मध्ये त्याची तरतूद आहे. ठरलेले लाकूड, मापे आणि सांधे पाळणाऱ्या कार्यशाळेलाच ते मिळावे आणि खुर्चीच्या खाली कार्यशाळेबरोबर कारागिराचे नावही असावे. त्याच्या शुल्कातून दुरुस्तीचा खर्च निघू शकतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल : रुग्णालयात खाटा कमी असताना खुर्च्यांवर खर्च कशाला? पण नोंदवहीचा आणि कार्यशाळेचा खर्च नव्या फर्निचरच्या खरेदीपुढे मोठा नाही. दुरुस्त झालेली जुनी खुर्ची नव्या खुर्चीची खरेदी वाचवते, हेही हिशेबात धरायला हवे.

याचा महाराष्ट्राशी संबंध काय?

चंडीगडची खुर्ची निदान ओळखली तरी गेली. तिच्यामागे कॉर्बुझिए यांचे नाव होते. महाराष्ट्रातील जुनी न्यायालये, महाविद्यालये, जिल्हा ग्रंथालये आणि रेल्वे कार्यालये यांत सागवानाची टेबले, बाके, कपाटे आजही आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचा लौकिक देशभर आहे, त्यामुळे लाकडाची पारख येथे नवी नाही. पण यांतील बऱ्याच वस्तूंचा रचनाकार आपल्याला ठाऊक नाही आणि सुतार तर नाहीच. त्यांतील प्रत्येक वस्तू वारसा आहे असे नव्हे. काही साध्या जुन्या आहेत आणि त्या विकल्या गेल्या तर बिघडत नाही.

मात्र कोणती विकावी आणि कोणती ठेवावी हे ठरवण्याआधी कोणी जाणकाराने ती पाहावी, एवढी पायरी निर्लेखनाच्या पद्धतीत घालता येईल. जडवस्तू नोंदवहीत एक रकाना वाढवायचा : बनवणारा कोण, कधी, कोठे. माहीत नसेल तर जुन्या कर्मचाऱ्यांना विचारून लिहायचे. समितीने सही करण्याआधी एक छायाचित्र काढायचे. यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. चंडीगडमध्ये हा रकाना असता, तर खुर्च्या कदाचित विकल्या गेल्याही असत्या. पण काय विकतो आहोत हे विकणाऱ्याला ठाऊक असते.